भांड्याविना जाळ

गेणभाऊंनी मला तीनदा विचारलं होतं आणि तीनदा मी त्यांना उडवून लावलं होतं, असा माझा हिशोब होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण एकदा सांगायला लागलो की मी हळूच स्वतःची बाजू घेतो. जुनी खोड आहे. आमच्या कळंबच्या घरात म्हणतात, संपतला त्याची चूक दाखवायची असेल तर आधी त्याला पोटभर जेवू घालावं आणि मग चपला घालून तयार राहावं.

मी डिप्लोमावाला. पुण्यात एका लहान कारखान्यात कन्व्हर्टर बनवायच्या कामाला होतो. दोन हजार पाच सालच्या जानेवारीत मालकांनी बोलावलं आणि म्हणाले, "तुझ्याच तालुक्यातलं काम आहे, तूच जा." काम उंबरदऱ्याचं होतं. आंबेगावच्या पश्चिमेला, धरणाच्या भिंतीच्या वर डोंगरात चाळीसेक घरांची वाडी. भात, नाचणी आणि हिरडा यांवर जगणारी माणसं. खाली नजर पोहोचेल तिथवर धरणाचं पाणी, आणि वर वाडीत होळी झाली की बायका झऱ्यावर रांग लावून वाटीवाटीनं हंडा भरायच्या. पाणी वर चढवायला मोटार बसवून झाली होती. एकदा नाही, दोनदा. दोन्ही जळाल्या. उंबरदरा विजेच्या लाइनच्या अगदी शेपटाला. तिथवर येईपर्यंत विजेत दमच उरत नसे. बल्ब लावला तर आतली तार मोजून घ्यावी.

म्हणून एका संस्थेनं वेगळा घाट घातला होता. धरणाचा पाट भिंतीपासून थोडं पुढं गेल्यावर एका ठिकाणी दोन पुरुष खाली उडी घेतो. तिथं बाजूनं पाइप काढून एक छोटी टर्बाइन बसवायची. तिची वीज कमीजास्त होणार, म्हणून ती आमच्या कन्व्हर्टरमधून सरळ करून लाइनला जोडायची. शेपटाला जोर आला की वाडीची मोटार चालेल, टाकी भरेल, नळाला पाणी येईल. वीज कंपनीची अट एकच होती. सात दिवस यंत्र सलग चालवून दाखवा. लाइनला काही त्रास झाला नाही तर जोडणी कायम. झाला तर तोडणार, आणि पुन्हा अर्ज घेणार नाही.

यंत्र सांभाळायला वाडीनं गेणभाऊंना नेमलं होतं. साठीला टेकलेले, काटक, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघायचे. सव्वीस वर्षं त्याच पाटावर रोजंदारीचे पाटकरी. पाणी कुणाला कधी सोडायचं, कुठलं दार किती आटे फिरवायचं, सगळं त्यांच्याकडे. पहिल्या दिवशी त्यांनी मला सगळा पाट फिरवून दाखवला. दार दाखवलं, पाइपाचं तोंड दाखवलं. पाट जिथं खाली कोसळतो तिथं काठावर उभे राहून ते पाण्यात उभ्या असलेल्या सिमेंटच्या ठोकळ्यांकडे बोट करून बराच वेळ काहीतरी सांगत होते. पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही, आणि मी परत विचारलंही नाही. मी मोबाइलला रेंज कुठं मिळते ते बघत होतो.

आता यंत्राचं थोडं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. कन्व्हर्टरच्या आत सेकंदाला दहा हजार वेळा उघडझाप करणारे स्विच असतात. त्यातून निघालेली वीज ओबडधोबड असते. ती तशीच लाइनला दिली तर चालत नाही, म्हणून मध्ये चाळणी बसवतात: एक कॉइल, मग कॅपॅसिटर, मग परत एक कॉइल. चाळणी कामाची, पण तिला एक खोड असते. कॉइल आणि कॅपॅसिटर वीज एकमेकांकडे झोक्यासारखी फेकत राहतात आणि त्या झोक्याला त्याचा स्वतःचा ताल असतो. त्या तालावर कुणी धक्का देत राहिलं की झोका वाढतो, वाढतो, आणि शेवटी फांदी मोडते.

पुण्याच्या कारखान्यात आमचं यंत्र मांजरासारखं शांत होतं. उंबरदऱ्याला जोडलं, आणि दहा वाजता ते किंचाळलं. लोखंडावर कानस ओढावी तसा आवाज, आणि बंद. परत चालू केलं, परत तेच. चार दिवस मी पॅनेल उघडून बसलो. वायर बदलल्या, कार्ड बदललं, मालकांशी फोनवर भांडलो, संस्थेच्या बाईंवर खेकसलो. पाचव्या दिवशी दारात उकिडवे बसलेले गेणभाऊ म्हणाले, "सायब, ती कोकलती ती खालच्या मोटारी चालू झाल्यावरच."

त्यांचं खरं होतं. लायनमन रोज दहा वाजता खांबावरचा दांडा ओढून नदीकाठच्या शेतीच्या मोटारींची लाइन जोडायचा. मोटारींना ऑटो बसवलेले, त्यामुळे वीज आली की सगळ्या एकदम सुरू. वीज मरतुकडी, म्हणून ज्यानं त्यानं आपापल्या मोटारीला कंडेन्सर, म्हणजे आमच्या चाळणीतला तोच कॅपॅसिटर, लावलेला. आमच्याकडे मोटारीनं कुरकुर केली की लाव कंडेन्सर, हा घरगुती उपायच आहे, पोटदुखीवर ओव्यासारखा. गेणभाऊंना घेऊन मी नदीकाठ फिरलो. कुणाची मोटार कुठं, ते त्यांना तोंडपाठ. छत्तीस मोटारी, छत्तीस कंडेन्सर. एवढे सगळे एकदम लाइनवर आले की आमच्या चाळणीचा ताल बदलायचा आणि नेमका यंत्राच्या धक्क्याशी जुळायचा.

उपाय सोपा होता. कॅपॅसिटरच्या वाटेत रेझिस्टर बसवायचे. झोके घेणारी वीज त्यातून जाताना तापते आणि दमते. थोडी वीज वाया जाते, पण झोका वाढत नाही. मी तीन मोठे रेझिस्टर आणले, पॅनेलच्या मागं जाळीच्या डब्यात बसवले. दहा वाजले, मोटारी चालू झाल्या, आणि यंत्र गप्प राहिलं. मला इतका आनंद झाला की मी गेणभाऊंना मिठी मारली. पुण्याला फोन करून मालकांना मात्र सांगितलं, "मी शोधून काढलं."

मालक बघायला आले. त्यांना फरक दाखवायचा म्हणून मी रेझिस्टरच्या वाटेत एक स्विच बसवला. वर केला की रेझिस्टर कामात, खाली केला की वीज त्यांना वळसा घालून थेट कॅपॅसिटरला. खाली केला, यंत्र कोकललं. लगेच वर केला, शांत. मालकांनी पाठ थोपटली आणि जाताना म्हणाले, "तो स्विच काढून टाक हां." मी हो म्हणालो. काढला नाही. आज काढू, उद्या काढू. त्याच्यावर एक पट्टी चिकटवली, हात लावू नये अशी, इंग्रजीत. गेणभाऊंना मराठी वाचता यायचं, बोट फिरवत, अक्षर अक्षर. इंग्रजी नाही. त्या दिवशी ते बाहेर दाराशी पाणी सोडत होते, त्यामुळे मालकांपुढचा तो खेळ त्यांनी पाहिलाच नाही. यंत्र ओरडलेलं ऐकलं, पण पुण्याचे सायब काहीतरी बघत असतील असं त्यांना वाटलं.

त्याच आठवड्यात त्यांनी पहिल्यांदा विचारलं. जाळीवर हात धरून म्हणाले, "सायब, ह्यो डबा तापतो कशापायी? याच्यावर तर काय ठिवल्यालं नाय."

"तापतो म्हणजे काम करतो," मी म्हणालो. "हात लावू नका."

हे काही उत्तर नव्हतं. मला ते तेव्हाही माहीत होतं. पण समजावून सांगायचं तर मला आधी ते सोपं करावं लागलं असतं, आणि सोपं करायचा मला कंटाळा होता. शिकलेल्या माणसाचा हा आळस फार वाईट. त्याला तो हुशारी समजतो.

चाचणी एप्रिलमध्ये सुरू झाली, पाटाला उन्हाळी पाणी सुटल्यावर. पहिल्याच दिवशी टाकीत पाणी पडलं. बायकापोरं टाकीभोवती जमली, कुणीतरी नारळ फोडला. खालच्या आळीतल्या नळांना संध्याकाळपर्यंत धार आली. वरच्या आळीला मात्र आली नाही. तिथली पाच घरं जवळजवळ टाकीच्याच उंचीवर; टाकी काठोकाठ भरली तरच त्यांच्या नळाला पाणी चढणार. टाकी भरायची, पण वीतभर कमी. त्या पाच घरांत एक गेणभाऊंचं होतं. त्यांच्या बायकोचा, चिमाबाईंचा, गुडघा गेलेला. खालच्या नळावरून हंडा आणायला त्या चढावर तीन ठिकाणी बसायच्या.

"आमचा नळ काय नुसता बघायला हाय का, पावणं?" त्यांनी मला हसत हसत विचारलं होतं. मी म्हणालो, येईल, येईल.

खरं सांगायचं तर ती वीत भरून काढणं दोन मिनिटांचं काम होतं. पॅनेलमध्ये एक सेटिंग होतं, ते किंचित वाढवलं असतं तर मोटारीला जरा जोर आला असता. पण चाचणी चालू असताना काही हलवायचं नाही, असं मी ठरवलं होतं. सातवा दिवस झाला की करू. मी हे गेणभाऊंना सांगितलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी गेणभाऊंनी डब्यावर चहाचं आधण ठेवायला भांडं आणलं. मी ओरडलो, "डोकं फिरलंय का तुमचं?" ते भांडं तसंच हातात धरून उभे राहिले. मग म्हणाले, "मंग ह्यो जाळ कुणासाठनं हाय, ते तरी सांगा." मी म्हणालो, "तुमच्यासाठी नाही, एवढं लक्षात ठेवा." ही दुसरी वेळ.

उंबरदऱ्यात सरपण डोक्यावरून आणावं लागतं. भांडं उतरलं की लाकूड मागं ओढतात, पाणी शिंपडून निखारा विझवतात, कोळसा जपून ठेवतात. रिकाम्या चुलीत जाळ राहिला तर सासू सुनेला बोलते आणि सून मुकाट्यानं ऐकते, कारण सासू बरोबर असते. चिमाबाईंचं वाक्य मी स्वतः ऐकलं होतं, "भांड्याविना जाळ घराला खातो." अशा घरातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर मी तीन रेझिस्टर रात्रंदिवस तापत ठेवले होते, आणि वर त्याला सांगितलं होतं की तुझा याच्याशी संबंध नाही. त्याच्या नळाला पाणी कमी पडत असताना.

पाचव्या दिवशी सगळं सुरळीत होतं म्हणून मी कळंबला गेलो. गावची यात्रा होती. दुपारी बैलगाडा शर्यत, आमच्या चुलत्यांचा गाडा घाटावर जुंपायला काढलेला, हलगी वाजतेय, भंडारा उडतोय, आणि माझा मोबाइल वाजला. गेणभाऊ धरणाच्या फाट्यावरच्या फोनच्या डब्यावरून बोलत होते, रुपयाचं नाणं टाकून.

"सायब, टाकीला वीतभरच कमी पडतंय. त्यो तापणारा डबा वाईच..."

"गेणभाऊ, डब्याचं नाव काढू नका. तुम्हाला कळायचं नाही ते."

"न्हाई, मी म्हनतो, त्येच्यातली लाइट मोटारीला..."

"आमची बारी आलीय!" मी ओरडलो आणि फोन ठेवला. आमची बारी चौदा सेकंदांत बसली. मी फेटा उडवला. ही तिसरी वेळ.

सहाव्या दिवसाचं मला नंतर कळलं, थोडं चिमाबाईंकडून, थोडं लायनमनकडून. सकाळी आठ वाजता गेणभाऊंनी डब्यातून निघालेल्या वायरींचा माग काढत तो स्विच गाठला आणि खाली ओढला. यंत्र काही बोललं नाही. खालच्या मोटारी बंद होत्या, ते कशाला बोलेल? जाळी हळूहळू गार झाली. गेणभाऊ वर वाडीत गेले, टाकीवर चढले. आणि त्या दिवशी टाकी भरली. माझ्या मते रेझिस्टरमुळे नाही. तेवढ्यानं बोटभरही फरक पडला नसता. सकाळी गावात गिरणी बंद होती, तिची वीज वाचली, एवढंच. पण पाणी काठाला लागलं आणि वरच्या आळीतल्या नळाला धार आली. चिमाबाईंनी एक हंडा भरला. गेणभाऊंनी स्वतःच्या दारातल्या नळावर तोंड धुतलं, टॉवेलनं पुसलं आणि खाली यंत्राकडे गेले. माणूस किती खूश असेल याची मला कल्पना करवत नाही.

दहा वाजता लायनमननं दांडा ओढला.

यंत्र किंचाळलं. आमच्या पॅनेलमध्ये जास्त करंट झाला की बंद पाडणारी व्यवस्था होती. चाचणीत उगाच बंद पडू नये म्हणून तिची मर्यादा मीच थोडी सैल केली होती. हेही इथंच सांगून टाकतो. गेणभाऊंना आवाज ओळखीचा होता आणि आपण काय केलं तेही त्यांच्या लगेच लक्षात आलं. लायनमन सांगतो, तो बाहेरच्या खांबाशी होता, त्यानं "पळा, बाहेर या" अशी हाक मारली. गेणभाऊ बाहेर नाही पळाले. आत, पॅनेलच्या मागं धावले, स्विच वर करायला. त्यांनी दांडीला हात घातला आणि शेजारचा कॅपॅसिटर फुटला.

खाली नदीकाठी अकरा जणांचे कंडेन्सर त्याच मिनिटाला उडाले. दोन मोटारी जळाल्या. दुपारपर्यंत लोक जमले, आणि संध्याकाळच्या आत कंपनीच्या माणसांनी खांबावरून आमची तार कापली. सहा दिवस झाले होते.

मी मंचरला दवाखान्यात पोहोचलो तेव्हा गेणभाऊंचा उजवा हात कोपरापर्यंत गुंडाळलेला होता. अंगठा आणि शेजारची दोन बोटं गेली होती. उजवा डोळा कापसाखाली. मला बघून ते उठून बसायला लागले.

"सायब, मी परत वर केला व्हता," ते म्हणाले. "लागला का?"

"लागला," मी म्हणालो.

लागला नव्हता. दांडी मध्येच अडकली होती. मी खोटं बोललो आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून रडलो. त्यात नव्वद टक्के त्यांच्यासाठी होतं असं म्हणायला मला आवडेल.

चार दिवसांनी मालकांनी अहवाल मागितला. मी लिहिला. "चालकाने परवानगी नसताना स्विचची स्थिती बदलली, त्यामुळे बिघाड झाला." वाक्य खरं आहे. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. तो स्विच तिथं असायलाच नको होता, हे लिहिलं नाही. पट्टी इंग्रजीत होती, हे लिहिलं नाही. मर्यादा सैल केली होती, हे लिहिलं नाही. तीनदा विचारलं होतं, हे लिहायला अहवालात जागाच नसते. पंचनाम्यातही गेणभाऊंनी डाव्या हाताचा अंगठा उठवून सांगितलं की चूक माझी. माझी नोकरी राहिली. संस्थेनं दुसरीकडे लक्ष घातलं. पाटाच्या कामावर तीन बोटं नसलेला माणूस दार फिरवू शकत नाही म्हणून गेणभाऊंचं पाटकऱ्याचं काम सुटलं. उंबरदऱ्याची टाकी कोरडी पडली ती पडलीच.

मी चार वर्षं त्या बाजूला फिरकलो नाही. मंचरला लग्नाला गेलो तरी अक्षता पडल्या की निघायचो, कुणीतरी वरचं माणूस भेटेल म्हणून. दोन हजार नऊच्या मेमध्ये मालक म्हणाले, "ते उंबरदऱ्याचं पॅनेल अजून तिथंच पडलंय. तांबं तरी घेऊन ये." टेम्पो घेऊन गेलो. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

यंत्राच्या खोलीचं दार निखळलं होतं. आत शेळ्यांच्या लेंड्या. गेणभाऊ बाहेर दगडावर बसलेले होते. टेम्पो वर चढताना दिसला असणार. एक डोळा पांढरा झालेला. मला वाटलं होतं ते शिवी देतील, किंवा निदान तोंड फिरवतील. ते म्हणाले, "आलासा? बसा. पानी वरनं यायचंय."

चिमाबाई झऱ्यावर गेल्या होत्या. टेम्पोवाला पॅनेलचे नट सोडवायला लागला आणि मी गेणभाऊंशेजारी बसलो. मागच्या जाळीतले तीन रेझिस्टर जसेच्या तसे होते. साध्या धुळीखेरीज त्यांना काही झालं नव्हतं. ते कामात नव्हतेच. त्यांच्याकडे बघत मी एकदम बोलायला लागलो. कुणी विचारलं नव्हतं. सांगितलं की चाळणीत वीज झोके घेते, मोटारींचे कंडेन्सर आले की तो झोका अंगावर येतो, आणि हा डबा तापायचा तो त्या झोक्याचा जोर मोडायला. जाळ फुकट नव्हता. तोच सगळ्यांना वाचवत होता. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील.

गेणभाऊ ऐकत होते, माझ्या हातांकडे बघत. मी थांबल्यावर म्हणाले, "म्हंजे दात."

"कसले दात?"

ते उठले आणि मला पाट कोसळतो तिथं घेऊन गेले. त्या दिवशी पाटाला पाणी नव्हतं, त्यामुळे खालचा तळ दिसत होता. सिमेंटचे ठोकळे दोन रांगांत उभे.

"पानी वरनं पडतं तवा लई माजात आस्तं," ते म्हणाले. "तसंच फुडं गेलं तर पाट खातं. म्हून ह्ये दात. पानी ह्यास्नी धडाकतं, फुटतं, दमतं आन मंग निवांत जातं. लोकं म्हनायची, गेणभाऊ, ह्ये मधी आडवं कशाला, पानी आडतं, काढा. मी सव्वीस वर्सं एक दात हलू दिला नाय."

मी खाली बघत होतो. पुढच्या रांगेतले दोन ठोकळे नव्हते. फोडून आतली सळई काढून नेली होती, आणि त्यांच्या मागं पाटाचा तळ माणूस उभा मावेल एवढा खचला होता.

"माझ्या मागं कुनी बघितलं नाय," गेणभाऊ म्हणाले. "अजून दोन पावसाळं. मंग ह्यो पाट बी जातोय."

मला काहीतरी बोलायचं होतं, म्हणून मी सगळ्यात अवघड ते बोललो. अहवाल कुणी लिहिला ते सांगितलं, आणि काय काय लिहिलं नाही तेही.

"ठावं हाय," ते म्हणाले. "संस्थेच्या बाईंनी वाचून दाखवला व्हता. बरूबर हाय की. हात माझाच व्हता."

"पण तुम्ही मला विचारलं होतं, भाऊ. तीनदा विचारलं होतं."

गेणभाऊंनी उरलेली दोन बोटं कपाळाला लावून उन्हाची तिरीप अडवली आणि वाटेकडे बघितलं. चिमाबाई डोक्यावर हंडा घेऊन उतरत होत्या, एका ठिकाणी थांबून, परत चालत. पाहुण्यासाठी पाणी येत होतं.

"चारदा," गेणभाऊ म्हणाले. "पैल्याच दिशी तुमाला हितं आनून ह्ये दात दावलं, तवा इचारलं व्हतं. म्हनलं, सायब, तुमच्या मशिनीत असलं काय आस्तं का? आस्तं आसंल तर सांगा, मी ते बी राखीन." ते परत दगडावर बसले. "तुमी मोबाइल बघत व्हता."